पत्ता तेवढा वाचणारा पहारेकरी

निपाणी शहराला अगदी लागून अर्जुननगर नावाची वसाहत आहे. देवचंद महाविद्यालय आहे ते तेथेच. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. महाविद्यालय संलग्न आहे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. परंतु त्याच्या पत्त्याची अखेरची ओळ पाहावी, तर तेथे कागलचा ४१६२१६ हा पिन क्रमांक नाही. निपाणीचा ५९१२३७ आहे. पत्त्यात जिल्हा कोल्हापूर आणि टपाल मात्र निपाणीचे! त्या भागातील माणसाला यात काही नवल वाटत नाही. पत्र बिनचूक पोहोचते, मग आकडा कोणत्याही राज्याचा असो.

या लहानशा गोष्टीत मात्र एक मोठे तत्त्व दडलेले आहे. एखादी वस्तू कोठे उभी आहे हे एक, आणि ती कोणत्या गटात मोजली जाते हे दुसरे. जागा निसर्ग ठरवितो, गट माणूस ठरवितो. आणि ज्याला हजारो पुडकी क्षणात वाटावयाची आहेत, तो जागेकडे पाहत नाही, पुडक्याच्या आतही डोकावत नाही. तो बाहेरचा पत्ता आणि हातातला नियम एवढेच पाहतो. आज शाळा, बँका, दवाखाने आणि कचेऱ्या यांतील संगणक ज्या पेटीला जोडलेले असतात, त्या ‘स्विच’ नावाच्या पेटीचे सारे काम याच तत्त्वावर चालते. तिचा इतिहास फार तर पन्नास वर्षांचा. पण ज्या प्रश्नातून ती जन्मली, तो प्रश्न सीमाभागाला चांगलाच परिचयाचा आहे.

निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला, आणि पुढे कित्येक वर्षे परवान्याच्या कागदावाचून मालाला वखारीतून हलता येत नसे. वाटेत अडविणारा अधिकारी पोते फोडून पानाचा वास घेत बसत नसे. माल कोणाचा, कोठून निघाला, कोठे चालला आणि वजन किती, एवढे कागदावरून ताडून तो गाडी सोडी किंवा थांबवी. प्रत्येक पोते उघडावयाचे ठरले असते, तर पेठेचा व्यवहार एका दिवसात ठप्प झाला असता. नाक्याची सारी शक्ती आहे ती थोडेच वाचण्यात. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याची सारी मर्यादाही त्यातच आहे.

टपालखात्यात हीच युक्ती अधिक शास्त्रशुद्ध स्वरूपात आली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील ज्येष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे व्यासंगी पंडित व कवी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या यांमुळे पत्रांची वाटणी करणाऱ्यांची जी तारांबळ उडत असे, तिच्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वाटणीचा जिल्हा, आणि उरलेले तीन विशिष्ट टपाल कचेरी. ४ म्हटले की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश यांच्या बाजूस वळले. ५ म्हटले की कर्नाटक, आंध्र यांच्या. पत्रावरील अक्षर मोडी आहे की कानडी, याची चिंता पहिल्या टप्प्यावर करण्याचे कारण उरले नाही. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. पण ५९०००१ हा आकडा जागचा हलला नाही. माणसे नावाने ओळखतात, वाटणी करणारा आकड्याने ओळखतो.

दूरध्वनीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोल्हापूरचा क्रमांक ०२३१, बेळगावचा ०८३१. दोहोंत भेद आहे तो एकाच आकड्याचा. कोल्हापूर २ च्या गटात आणि बेळगाव ८ च्या गटात घातले गेले, म्हणून हा भेद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेच्या दिवशी, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या रात्री रस्त्यावरील एकही खांब उपटला गेला नाही, एकही तार तुटली नाही. घरे, शेते, विहिरी होत्या तेथेच राहिल्या. बदलला तो केवळ गट. परंतु गट बदलताच अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा, तो कोणत्या भाषेत लिहावयाचा आणि उत्तर कोठून यावयाचे, हे सारे बदलले. गट ही कागदावरची गोष्ट असली, तरी ती कागदावरच राहत नाही, हे सीमाभागाने त्या दिवसापासून अनुभवले आहे. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून संगणकांच्या जगाकडे वळावयास हवे.

संगणकांनी परस्परांशी बोलावे, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात आकारास आली. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एकच मार्ग सुचविला: मोठा संदेश अखंड न पाठविता त्याची लहान लहान पुडकी करावी, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि पलीकडे ती पुन्हा जुळवावी. या पुडक्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले ते डेव्हिस यांनी. पुढे १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ‘इथरनेट’ची योजना मांडली. एकच तार इमारतभर फिरवावयाची आणि सारे संगणक तिलाच जोडावयाचे. कोणीही बोलले की ते सर्वांना ऐकू जाई. ज्याच्या नावाचे पुडके असेल त्याने ते घ्यावे, इतरांनी सोडून द्यावे, एवढाच शिष्टाचार. गावात दवंडी पिटावी तसाच हा प्रकार. दहा घरांच्या वस्तीत दवंडी सोयीची. हजार घरांच्या शहरात प्रत्येक निरोप दवंडीने देऊ लागले, तर कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येणार नाही. शिवाय, जो शिष्टाचार पाळणार नाही त्याला शेजाऱ्याची सारी पत्रे वाचता येत.

या गोंगाटावरील पहिला उपाय १९८० नंतरच्या दशकात निघाला. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत मार्क केम्फ यांनी दोन तारांच्या मध्ये बसणारी ‘ब्रिज’ नावाची पेटी तयार केली, आणि अशा अनेक पेट्या एकत्र आल्या असता पुडकी गोल गोल फिरत राहू नयेत, याची रीत रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधून काढली. ब्रिजचे काम मोठे मनोवेधक आहे. इथरनेटचा पत्ता ४८ अंशांचा असतो. त्याचा पहिला अर्धा भाग यंत्र बनविणाऱ्याचा आणि दुसरा त्या विशिष्ट यंत्राचा. तो यंत्र कोणते हे सांगतो, पण ते कोठे आहे हे सांगत नाही. पिन क्रमांकाशी त्याचा जो मूलभूत फरक आहे, तो येथे. मग ब्रिजला ठिकाण कळावे कसे? त्याची रीत नव्या पोस्टमनसारखी असते. पुडके कोणत्या बाजूने आले हे पाहून तो पाठविणाऱ्याचा पत्ता त्या बाजूच्या नावे टिपून ठेवतो. पुढे त्या पत्त्याचे पुडके आले की ते त्याच बाजूला सोडतो. ज्याचे घर अलीकडेच आहे, त्याचे पुडके पलीकडे जाऊच देत नाही. ओळख नसली तर मात्र सर्वत्र विचारणा करतो. आणि काही काळ, सामान्यतः पाच मिनिटे, ज्याचा आवाज ऐकू आला नाही, त्याची नोंद पुसून टाकतो. पुडके अलीकडेच अडविण्याच्या या क्रियेला तंत्रज्ञांनी ‘गाळणे’ असेच नाव दिले. पुडकी गाळण्याचा आरंभ असा साधा होता. त्यात पहारा नव्हता, केवळ निष्कारण वर्दळ टाळण्याची सोय होती.

१९९० साली अमेरिकेतील ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात दारांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतील, आणि ते योग्यही आहे. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी आपल्या पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. पुढे १९९४ साली ती सिस्को कंपनीने विकत घेतली. स्विच म्हणजे अनेक दारांचा ब्रिज. प्रत्येक दाराशी एकेक संगणक. दोन दारे आपसांत बोलत असताना बाकीची दारेही आपापली बोलणी चालवू शकतात. दवंडीची जागा आता घरोघर जाणाऱ्या पोस्टमनने घेतली.

येथे शब्दाचा एक घोळ दूर करणे अवश्य आहे. तंत्रज्ञ ‘पोर्ट’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे पेटीवरील प्रत्यक्ष खाच, जिच्यात तार बसते. तिला दार म्हणावे. दुसरा म्हणजे पुडक्यावर लिहिलेला कामाचा क्रमांक: पत्रव्यवहारासाठी २५, नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, बंदिस्त स्वरूपात संकेतस्थळ पाहण्यासाठी ४४३. एकाच कचेरीत जसे जमीनमहसुलाचे टेबल वेगळे आणि जन्ममृत्यूच्या नोंदीचे वेगळे, तसाच हा टेबलाचा क्रमांक. दार पेटीवर असते, टेबल पत्त्यात असते.

स्विचमुळे गोंगाट थांबला, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. एकाच पेटीला जोडलेल्या सर्वांनी परस्परांशी बोलावेच काय? निपाणीसारख्या गावातील एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करावी. चोवीस दारांचा स्विच आहे. पहिली आठ दारे कचेरीची. तेथे फीचे हिशेब आणि गुणपत्रके आहेत. नऊ ते वीस विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेची. एकवीस ते तेवीस ग्रंथालयाची. चोविसावे बाहेरच्या जगाकडे जाणारे. पेटी एक, पण हितसंबंध तीन. पूर्वी यासाठी तीन पेट्या घ्याव्या लागत. मग दारांचे गट पाडण्याची युक्ती निघाली: कोणते दार कोणत्या गटात हे पेटीला सांगून ठेवावयाचे, एका गटातील हाक दुसऱ्या गटात ऐकूच जाणार नाही. प्रयोगशाळेतील एक संगणक उद्या ग्रंथालयाच्या खोलीत नेला, तरी तेथील दार प्रयोगशाळेच्या गटात घातले की काम झाले. तार उपटावी लागत नाही. १९९८ साली या व्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. अनेक गटांची पुडकी एकाच तारेवरून न्यावयाची असतील, तर प्रत्येक पुडक्याला गटाचा क्रमांक असलेली चिठ्ठी जोडावी, असे त्यात ठरले. त्या चिठ्ठीत गटक्रमांकासाठी बारा अंश राखलेले असल्याने एका व्यवस्थेत ४०९४ गट करता येतात. पुढे याहून बारीक भेदही आले. वसतिगृहातील प्रत्येक खोलीने बाहेरच्या जगाशी बोलावे, पण शेजारच्या खोलीशी बोलू नये, अशी ‘एकाकी’ दारे ठेवता येऊ लागली. या रीतीचे जाहीर वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले.

परंतु गट म्हणजे केवळ भिंत. भिंतीत खिडकी कोठे ठेवावयाची, हे नियमांनी ठरवावे लागते. पुडक्याचा पत्ता पाहून निवड करणाऱ्या नियमांचा विचार अमेरिकेतील विद्यापीठांत आधीपासून चाललेला होता. जेफ्री मोगल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली त्यावर निबंध लिहिला. पण त्याची निकड सर्वांना पटली ती २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री. रॉबर्ट मॉरिस या तरुण विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली त्या काळच्या इंटरनेटवर आपोआप पसरत गेली आणि हजारो संगणक तिच्या ओझ्याखाली अडकून पडले. परस्परविश्वासावर चाललेल्या त्या वस्तीला दाराला कडी असावी, असे प्रथमच वाटले. पुढच्याच वर्षी मोगल यांनी वेशीवरच पुडकी तपासून सोडण्याची सुटसुटीत रीत मांडली. तेव्हापासून नियमांची यादी हे पहाऱ्याचे मुख्य साधन बनले, आणि कालांतराने ते वेशीवरून प्रत्येक स्विचच्या दारापर्यंत आले. नियम एकदा लिहावयाचा आणि तो दारांच्या संपूर्ण गटाला लावावयाचा, ही सोयही त्याबरोबर आली.

या यादीचे काही कायदे आहेत. पहिला, यादी वरून खाली वाचली जाते. जो नियम प्रथम जुळतो, तोच लागू होतो आणि पुढचे वाचलेच जात नाहीत. दुसरा, एकही नियम जुळला नाही तर बहुतेक पेट्या पुडके टाकून देतात. म्हणजे यादीच्या तळाशी ‘बाकी सर्व बंद’ हा नियम न लिहिताही लिहिलेला असतो. तिसरा, साधा पहारेकरी काहीही लक्षात ठेवीत नाही. जाणाऱ्या पुडक्याला परवानगी दिली, म्हणून येणाऱ्या उत्तराला ती मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आणि हे सारे क्षणार्धात व्हावे म्हणून मोठ्या स्विचमध्ये एक खास स्मरणकोश असतो. त्याच्या प्रत्येक घरात ‘शून्य’, ‘एक’ आणि ‘काहीही चालेल’ अशी तीन उत्तरे मावतात, आणि सारे नियम एकाच वेळी ताडून त्यांतील सर्वांत वरचा जुळलेला नियम तो हाती देतो.

आता त्या कल्पित महाविद्यालयाकडे पुन्हा वळावे. व्यवस्थापकाने प्रयोगशाळेच्या दारांच्या गटाला तीन नियम लावले. पहिला: प्रयोगशाळेतून कचेरीच्या गटाकडे काहीही जाऊ नये. दुसरा: कचेरीच्या गटात शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारे जे यंत्र आहे, त्याच्या ४४३ क्रमांकाच्या टेबलाशी प्रयोगशाळेतून जाणारी पुडकी जाऊ द्यावी. तिसरा: बाहेर जाणारी ५३ आणि ४४३ ची पुडकी जाऊ द्यावी. उत्तरांसाठी उलट दिशेची परवानगीही त्याने आठवणीने दिली. तिन्ही नियम, एकेकटे वाचले तर, निर्दोष आहेत. पण पहिला वर असल्यामुळे दुसऱ्याची पाळी कधीच यावयाची नाही. विद्यार्थिनी प्रयोगशाळेत बसून अर्ज भरते, पाठविण्याची कळ दाबते, आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. कचेरीतील यंत्र चालू आहे, तार शाबूत आहे, बाहेरची संकेतस्थळेही उघडत आहेत. सारे म्हणतात, सर्व काही ठीक आहे. आणि अर्जाची शेवटची तारीख मात्र निघून जाते. पहिले दोन नियम खालीवर केले असते, तर अर्ज पोहोचला असता. अपराध कोणाचाच नाही. चूक केवळ क्रमाची आहे.

त्या विद्यार्थिनीचे नुकसान नकाराने झाले नाही, मौनाने झाले. पुडके अडविण्याच्या दोन रीती आहेत. एक, ते टाकून द्यावयाचे आणि पाठविणाऱ्याला काहीच कळवावयाचे नाही. दुसरी, ते टाकून ‘येथून परवानगी नाही’ अशी उलट टपाली चिठ्ठी धाडावयाची. बाहेरच्या अनोळखी घुसखोरांच्या बाबतीत मौनाला अर्थ आहे. पहारेकरी कोठे उभा आहे, हे चोराला का सांगावे? पण आपल्याच घरातल्या माणसाला उत्तर न देता ताटकळत ठेवणे, ही व्यवस्था नव्हे. टपालखात्याचा जुना दंडक या बाबतीत अधिक सुसंस्कृत होता: पत्र पोहोचले नाही, तर कारणाचा शिक्का मारून ते पाठविणाऱ्याकडे परत यावयाचे. नकार हाती आला की माणूस दुसरे दार शोधतो, दाद मागतो, निदान वाट पाहणे थांबवितो. मौनापुढे त्याला काहीच करता येत नाही.

सीमाभागाने नाक्यांची ही सारी रूपे पाहिली आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके उठले. पुणे-बंगळूर महामार्गावर मालाच्या गाड्यांची ती रखडपट्टी सरली. २०२१ साली साथीच्या काळात कागल आणि निपाणी यांच्यामधील कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा दाखला मागितला जाऊ लागला. साथ रोखण्याचा हेतू रास्त होता. परंतु ‘महाराष्ट्रातून येणारा’ या एका गटात मुंबईहून निघालेला प्रवासी आणि कागलहून निपाणीच्या बाजारास निघालेला शेतकरी, असे दोघेही पडले. नाका आतला माणूस वाचीत नाही. तो बाहेरचा कागद वाचतो. ही त्याची क्रूरता नव्हे, त्याचा स्वभावच आहे. माणूस वाचण्याचे काम नियम लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवावयाचे असते.

आज या विद्येचे शिक्षण सीमाभागातही सुलभ झाले आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे, आणि कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम तेथून ठरतो. दारांचे गट पाडणे आणि नियमांची यादी करणे, ही त्या शिक्षणातील नित्याची बाब आहे. गट आणि नियम यांवाचून कोणतीही मोठी व्यवस्था चालणार नाही. भिंती पाडून टाकल्या, तर गुणपत्रकेही सुरक्षित राहणार नाहीत आणि दवंडीचा गोंगाट परत येईल. पण यादी करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्या. अपवादाचा नियम सर्वसाधारण नियमाच्या वर ठेवावा. यादी अमलात आणण्यापूर्वी त्या गटातील एखाद्या दाराशी स्वतः बसून पाहावे. आणि आपल्या माणसाला अडवावयाचेच असेल, तर तसे त्याला स्पष्ट सांगावे.

अर्जुननगरला जाणारे पत्र आजही ५९१२३७ या आकड्याने निपाणीस येते. आकड्याच्या हिशेबाने ते कर्नाटकातले, पत्त्याच्या हिशेबाने महाराष्ट्रातले. कोणा कठोर नियमकर्त्याने ‘जिल्हा आणि पिन जुळत नाहीत, सबब टाकून द्यावे’ असे लिहिले असते, तर ते वाटेतच नाहीसे झाले असते. तसे झाले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या वसाहतीला निपाणीचेच टपाल जवळचे आहे, हे नियम करताना कोणीतरी ध्यानात घेतले होते.